बेपत्ता गायिकेचा जबाब

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण त्या गायिकेचं प्रकरण अजून जसंच्या तसं आठवतं.

मी तेव्हा एका तालुक्याच्या ठाण्यात प्रभारी होतो. ती आमच्या भागात लोकगीतं गायची. गावोगावच्या जत्रांतून तिला बोलावणं असायचं आणि कार्यक्रम तिचा नवरा ठरवायचा. एका सकाळी तो ठाण्यात आला.

"बायको तीन आठवड्यांपासून बेपत्ता आहे. माहेरीपण नाही. तिच्या साथीला असणाऱ्या ढोलकीवाल्यानं तिचं बरंवाईट केलंय."

बेपत्ता झाल्याची तक्रार नोंदवली. दुसऱ्या दिवशी आमच्या खबऱ्याकडून कळलं, की ढोलकीवाला तिची बॅग घेऊन एसटी स्टँडवर दिसला होता. त्याला चौकशीला बोलावलं. पन्नाशीचा, शांत माणूस. दोन दिवस त्याचं एकच उत्तर, "गाडीत बसवलं, साहेब. पुढचं विचारू नका."

दरम्यान शेजाऱ्यांचे जबाब घेतले. तिच्या गळ्यात गाठी झाल्या होत्या. डॉक्टरांनी गाणं बंद ठेवायला सांगूनही नवरा दिवसाला दोन-दोन कार्यक्रम घ्यायचा. आवाज फाटला की घरी मारायचा.

मी ढोलकीवाल्यासाठी चहा मागवला आणि सहज विचारलं, "आता गळा कसा आहे तिचा?"

"बरा हाय," तो बोलून गेला आणि त्यानं मान खाली घातली.

मग सगळं बाहेर आलं. परदेशातल्या मराठी मंडळांनी एक-दोनदा गायला बोलावल्यामुळे तिच्याकडे पासपोर्ट होताच. बहरीनला, मनामा शहरातल्या अदलिया भागात तिची मावसबहीण टेलरिंगच्या दुकानात होती. त्या बहिणीनंच तिथं काम बघून व्हिसा करून दिला होता. मला वेगळीच शंका होती. आखातात फसवून नेलेल्या बायकांच्या तक्रारी मी पाहिल्या होत्या. ढोलकीवाल्याकडून नंबर घेऊन तिला व्हिडिओ कॉल लावला.

"खोलीत आणखी कोणी आहे? पासपोर्ट कुणाकडे आहे?"

तिनं पासपोर्ट उचलून दाखवला. "माझ्यापाशीच हाय. एकटीच हाय मी. साहेब, माझ्या पायांनी आलेय. त्यांना पत्ता तेवढा देऊ नका."

तिला दूतावासात जाऊन लेखी जबाब द्यायला लावला. तो आल्यावर नवऱ्याला बोलावलं.

"ती सुखरूप आहे. सज्ञान आहे. स्वखुशीनं गेलीय."

"कुठं?"

"ते सांगणार नाही."

त्यानं वरपर्यंत तक्रार केली. मला लेखी खुलासा द्यावा लागला. दिला.

गेल्या वर्षी मुलाकडे बहरीनला राहायला आलो. ढोलकीवाल्याकरवी आधी तिची परवानगी घेतली आणि मग दुकानात गेलो. चेहरा भरला होता, आवाज थोडा जाड झाला होता. शुक्रवारी दुपारी ती इथल्या मराठी मुलींना गाणी शिकवते. मुली इंग्रजीत शंका विचारतात, ही मराठीत उत्तरं देते, आणि त्यांचं नीट जमतं.

"कार्यक्रम करता का आता?" मी विचारलं.

"नाही, साहेब. मन झालं की गाते. नाही झालं, तर मशीन चालवते."

माणूस शोधून काढणं हे पोलिसाचं काम. पण शोध लागल्यावर त्याला कुणाच्या हवाली करायचं, की करायचंच नाही, हे आधी त्यालाच विचारावं, एवढं मी त्या बाईकडून शिकलो. नोकरीत बक्षिसं मिळाली, तसे खुलासेही द्यावे लागले. त्यांतला तो एक खुलासा मी आनंदानं लिहिला होता.