खाजाचाचांचं दोन किलोचं माप

लातुरात उदगीर रोडला खाजामियाँचं पत्र्याच्या शेडातलं दुकान हाय. कूलरचा टब म्हणा, गाडीचं बंपर म्हणा, फायबरचं काही बी फुटलं की चाचा जोडून देतात. पण माणूस लई खट. जोडलेली वस्तू गिऱ्हाईकाला द्यायच्या आधी कमरेइतक्या उंचीवरून तिच्यावर दोन किलोचं लोखंडी माप टाकणार. टिकली तर न्या, फुटली तर पुन्हा जोडतो म्हणणार. ह्यापायी किती भांडणं झाली, पर म्हातारा ऐकंल तर शपथ.

एकदा त्या मापाखाली माझा पाय आला.

त्र्याण्णवच्या भूकंपात माझा डावा पाय गुडघ्याखाली गेला. तवापासून फायबरचा पाय. त्याच्यावरच तीन-तीन जिने चढून मी क्लासच्या पोरांना डबे पोचवते. एका जूनमधी, नव्या बॅचा सुरू व्हायच्या तोंडावर, त्या पायाचा वरचा नळा, ज्यात गुडघ्याखालचा ठुंटा बसतो तो, चिरला. नवा मिळायचा तो दिवाळीनंतर फुकट पाय वाटतात त्या शिबिरात. कुबड्या धरून डबे कसे न्यायचे? अन् डबा चुकला की पोरं दुसरी मेस धरतात. माझं पोट त्याच्यावरच.

चाचांनी चीर घासली, काचेच्या धाग्यांची मॅट लावली, तिला रेझिनचं चिकट रसायन पाजलं. वाळल्यावर असं पॉलिश केलं की चीर कुठं होती ते मला बी सापडंना. मी हात पुढं केला, तर चाचांनी माप उचललं.

"चाचा, ह्याच्यावर नका टाकू. फुटला तर मी काय करू?"

"अन् जिन्यात फुटला तर?"

"चांगला दिसतोय की."

"दिसण्यावर काय हाय, बेटा. मार बसला की कळतंय."

मला असा राग आला. वयाचा मुलाहिजा ठेवला न्हाई, तोंडाला येईल ते बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं अन् माप सोडलं.

कडकन आवाज झाला. जोड जागच्या जागी होता, पण त्याच्या शेजारी बोटभर नवी चीर. मी स्टुलावर बसून रडायला लागले.

"आतले थर सुटले होते. वरून दिसलं न्हाई," चाचा म्हणाले. "गलती माझी, कमी घासलं." अन् पुन्हा घासायला बसले.

तिथं एका पायानिशी बसून दुसरं करणार तरी काय? मनात एकच घोळत राहिलं, वरून दिसलं न्हाई. भूकंपाच्या आदल्या साली बारके हादरे बसले होते. आमच्या घराच्या भिंतीला चीर गेली. बहिणीचं लगीन तोंडावर, म्हणून माझ्या वडलांनी, आबांनी, ती मातीनं बुजवली, वरून चुना दिला. पाहुण्यांनी भिंतीचं कौतुक केलं. पुढच्या साली तीच भिंत आमच्यावर आली. माझा पाय गेला. आबा जिते निघालेच न्हाईत.

दुपार कलली. जोड वाळला. चाचांनी मापाला हात घातला.

"द्या इकडं," मी म्हणाले.

माप कमरेपर्यंत उचललं. डोळे मिटून सोडून दिलं. चाचांनी नळा बोटानं चाचपला, त्याच्यावर नाणं वाजवून आतनं पोकळ आवाज येतो का ते ऐकलं.

"घाल आता पाय."

"थांबा," मी म्हणाले, अन् माप पुन्हा उचललं. आबांच्या भिंतीला असं कुणी एकदा तरी ठोकून बघायला पाहिजे होतं.