इंजिनाला झारीने आंघोळ

पाण्याचा इतका संशय घेणारा माणूस अख्ख्या वसई तालुक्यात दुसरा नसेल. हे माझ्या बायकोचे मामा. राहतात गास गावात, जिथे पावसाळ्यात पाणी कुणाला न विचारता ओटीपर्यंत येतं. सगळं आयुष्य भाजीच्या वाफ्यांना पाणी देण्यात गेलं. तरीही पाणी म्हटलं की मामांच्या कपाळावर आठी पडते. आणि हेच मामा दरवर्षी दसऱ्याच्या आधीच्या रविवारी अख्ख्या गोतावळ्याच्या गाड्या अंगणात बोलावून घेतात आणि त्यांची इंजिनं स्वतःच्या हाताने धुतात. बाहेरून गाडी चिखलाने माखलेली असली तरी त्यांना चालते. दसऱ्याला पूजा इंजिनाची, असं त्यांचं म्हणणं. "रंगाची काय पूजा करायची? रंग तर भिंतीला पन असतो."

गाडी अंगणात उभी राहिली की पहिलं काम म्हणजे काहीच करायचं नाही. मामा बॉनेट उघडतात, इंजिनाच्या जवळ तळहात नेतात आणि तापातल्या पोराची आई बोलते तेवढ्या हळू आवाजात म्हणतात, "गरम हाय. बसा." मग माणूस कितीही मोठा असो, बसावंच लागतं. बायकोचा एक चुलतभाऊ एकदा इथूनच परस्पर स्वतःच्या साखरपुड्याला जायचा होता. सिल्कचा झब्बा घालून तो बिचारा आंब्याखाली खाटेवर बसून राहिला आणि तिकडे आगाशीला मुलीकडची मंडळी घड्याळं बघत होती. मामा ढिम्म. "मुलगी थांबंल. इंजिनाच्या हेडला तडा गेला तर हेड थांबत नाय." हे ते अनुभवाने बोलतात. तरुणपणी त्यांनी विहिरीवरच्या कोऱ्या डिझेल पंपावर, तो तापलेला असताना, बादलीभर पाणी ओतलं होतं. पंप गेला आणि तो दुरुस्त होऊन येईपर्यंत वांग्याचे वाफे उभेच्या उभे वाळले. ही गोष्ट आम्ही दरवर्षी ऐकतो. पंप तोच असतो, वाफे मात्र वाढत चालले आहेत.

इंजिन गार झालं की बॅटरीची काळी वायर काढायची. आधी काळीच, लाल नाही. लालला आधी हात लावणाऱ्याला मामा पुन्हा चहा देत नाहीत. मग येतात दुधाच्या पिशव्या. वर्षभर त्या धुऊन, दोरीवर वाळवून, घडी करून ठेवलेल्या असतात. एक डायनामोला, एक फ्यूजच्या डब्याला, एक इंजिन जिथून हवा ओढतं त्या तोंडाला, अशा मोजून सात पिशव्या रबर लावून बांधायच्या. काम झाल्यावर सातच्या सात निघाल्या पाहिजेत. एका वर्षी सहाच निघाल्या. मामांनी सगळ्यांना जागच्या जागी उभं केलं, माझे खिसे तपासले, सासूबाईंची पर्ससुद्धा उघडायला लावली. सातवी पिशवी शेवटी त्यांच्याच सदऱ्याच्या खिशात सापडली. "ही इथं कोनी ठेवली?" असं त्यांनी मलाच दरडावून विचारलं, आणि का कोण जाणे, मी माफी मागितली.

एवढं सगळं झाल्यावर कोरड्या ब्रशने धूळ, साबणाच्या फडक्याने तेलकट थर, आणि सरतेशेवटी पाणी. तेही झारीने, मेथीच्या वाफ्याला घालतात तसं, हलक्या हाताने. पाइपला त्या अंगणात मज्जाव आहे. नालासोपाऱ्यातल्या कुठल्याशा वॉशिंग सेंटरवर जोराच्या फवाऱ्याने इंजिन धुऊन आणलेली शेजाऱ्याची गाडी पुढे तीन दिवस खोकत होती, तेव्हा मामा रोज तिच्या समाचाराला जायचे. "पान्याला वाट आपन दाखवायची," ते म्हणायचे. "जोर दिला की ते आपली वाट शोधतं, नं ती नेमकी नको तिथं जाते." पूजेच्या वेळी उत्साहाने नारळ थेट उघड्या बॉनेटवर फोडू पाहणाऱ्या भटजींनाही त्यांनी हात धरून चाकापाशी नेलं होतं. नारळाचं पाणी गोड आणि चिकट, ते देवाला चालतं, वायरिंगला चालत नाही, असं त्यांनी भटजींना अगदी नमस्कार करून सांगितलं.

आणि मग वाळवणं. पुसून झालं तरी बॉनेट उघडं ठेवून दोन तास गाडीला हात लावायचा नाही, हा मामांचा शेवटचा आणि सगळ्यात कडक नियम. मामी गेल्यापासून ते घरात एकटेच आहेत, मुलगा नोकरीला पुण्यात. त्या दोन तासांत वालाचं बिरडं आणि तांदळाच्या गरम भाकऱ्या व्हायच्या. कुणाचं लग्न जमलं, कुणाचं मोडलं, कुणाचं कुणाशी पटत नाही, सगळं ओटीवर निघायचं. एका वर्षी अकरा गाड्या आल्या होत्या आणि शेवटची निघाली तेव्हा दिवेलागण झाली होती.

पुढे आमच्या विरारच्या मेकॅनिकला मी सहज विचारलं. तो म्हणाला, "साहेब, नीट पुसलं असेल तर अर्धा तास उन्हात बस झाला. दोन तास कशाला?" मोठा शोध लावल्यासारखं मी घरी येऊन बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आम्हाला सगळ्यांना माहीत आहे. तू मामाला सांगू नकोस." मला स्वतःची लाज वाटली. इतकी वर्षं मी त्या अंगणात बसून घड्याळ बघत आलो होतो.

आणि अशात, गेल्या वर्षी आम्ही विजेवरची गाडी घेतली. ऑफिसला जाण्यायेण्याचा खर्च वाचतो म्हणून घेतली, पण हप्त्यापेक्षा मला दसऱ्याच्या आधीच्या रविवारची जास्त धास्ती होती. गासला पोचलो तेव्हा अंगणात आमच्याशिवाय एकच गाडी होती. पूर्वीच्या अकरांतल्या काही विकल्या गेल्या, काही मालकांसकट परदेशी गेल्या, काही आता सरळ वॉशिंग सेंटरला जातात. मामांनी आमचं बॉनेट उघडून हात आत नेला. "हिला तापच नाय?" ते कौतुकाने म्हणाले. मग खाली वाकून बघत राहिले. डायनामो नाही, ओळखीचं काहीच नाही. नुसती झाकणं आणि नारिंगी जाड वायरी.

"पुस्तकात काय लिहिलंय?" त्यांनी विचारलं. गाडीबरोबर आलेलं पुस्तक मी वाचून दाखवलं. इथे पाणी मारू नये, असं त्यात स्पष्ट होतं. मला वाटलं होतं ते वाद घालतील. त्यांनी भरलेली झारी उचलली आणि अळूच्या खाचरात रिकामी केली. "जे आपल्याला कळत नाय त्याला पानी लावू नये," म्हणाले. दोन्ही हातांनी बॉनेट हळू मिटलं आणि सातही पिशव्या परत घडी करून ठेवायला लागले. घडी करता करता माझ्याकडे न बघता म्हणाले, "मग पुढच्या साली तुम्ही येनार कशाला, जावईबापू?"

मी काहीतरी बोललो. वायपरचं पाणी, चाकातली हवा, असलं काहीतरी. "ते पेट्रोल पंपावर पन भरतात," मामा म्हणाले. हा माणूस मला फार आवडतो, हे मी त्याला पंधरा वर्षांत एकदाही सांगितलेलं नाही हे मला तेव्हा कळलं, आणि तेव्हाही सांगता आलं नाही. तेवढ्यात बायकोने दारातून विचारलं, "मामा, भाकऱ्या तू थापतोस की मी थापू?" "तुला कुठं येतात, बाय," म्हणत ते आत गेले. त्या दिवशी आम्ही संध्याकाळपर्यंत बसलो. पण निघताना ते नेहमीसारखे फाटकापर्यंत आले नाहीत. ओटीवरूनच हात केला.

मामा फोन करतात तेव्हा माणसांची चौकशी कधीच करत नाहीत. "गाडी बरी हाय ना?" एवढंच विचारतात. बदलापूरच्या भाचीला विचारतात, ठाण्याच्या पुतण्याला विचारतात, आणि बरी आहे म्हटलं की फोन ठेवतात. परवा, दसऱ्याला अजून चार महिने असताना, मला फोन आला. गाडी बरी हाय ना? सवयीने हो म्हणणार होतो. मग म्हटलं, "मामा, गाडीला काही झालेलं नाही. आम्हालाच तुमची फार आठवण येते. या रविवारी येऊ का?"

मला वाटलं, आता नेहमीसारखा फोन ठेवतील.

"या," मामा म्हणाले. "पन सकाळीच या. उशीर केलात तर मी माझ्या एकट्यापुरता भात टाकून मोकला होतो."