सात देव आणि एक पाय

गेल्या श्रावणात मी सात देव बनवले आणि त्यांतल्या एकाने माझ्या बापाचा पाय नेला.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी "हे कसं झालं?" असं विचारलं तेव्हा मी "काटा लागला" एवढंच म्हणालो. तेही खरंच होतं. देवांचं सांगितलं असतं तर त्यांनी मलाही शेजारच्या खाटेवर झोपवलं असतं.

मुळापासून सांगतो. आमचं घर डोळखांबकडच्या एका पाड्यावर. मी मुरबाडच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. दर रविवारी आम्ही चौघे एका मित्राच्या खोलीवर जमतो आणि एक खेळ खेळतो. (पाड्यावर सगळ्यांना वाटतं, पत्ते. पत्ते असते तर निदान इज्जत राहिली असती!) या खेळात एक काल्पनिक जग असतं. एक जण योद्धा होतो, एक मांत्रिक होतो आणि पॅकिंगमधला आमचा शंभर किलोचा गणपत परी होतो. मी सूत्रधार. म्हणजे जग माझं, डोंगर माझे, राक्षसही माझेच.

कोण जगला, कोण मेला, हे वीस बाजूंच्या एका फाशावर ठरतं. तो फासा मी पुढ्यात पुठ्ठा उभा करून त्याच्यामागे टाकतो. आकडा फक्त मला दिसतो. आणि मी सर्रास खोटं बोलतो! दोन पडले तरी छातीठोकपणे "अठरा! वाचलास!" म्हणून ओरडतो. काय करणार? परीला नुसतं खरचटलं तरी गणपत सोमवारी डबा उघडत नाही.

तर एका रविवारी गणपतच म्हणाला, "दिन्या, तुझ्या जगात सगळं हाय, पण देव नाय. संकट आलं तर माझ्या परीनं नवस कोणाला बोलायचा?"

मुद्दा बिनतोड होता. मी आठवडाभर डोकं खाजवून सात देव काढले. फार लांब जावं लागलं नाही. एसटीची वाट बघायला लावणारा ताटकळेश्वर. ऐन जेवणाच्या वेळी वीज घालवणारा अंधारनाथ. दिवसभर तक्रारी करणारी गाऱ्हाणाई (ही कोणावरून घेतली ते आईला अजून माहीत नाही, आणि माझी जगायची इच्छा आहे). आणि सगळ्यांत शेवटी निमूट, मृत्यूचा देव. तो बोलत नाही, रागावत नाही, गुपचूप येतो आणि माणूस उचलून नेतो. त्याला पाय एकच. त्यामुळे तो येताना फक्त ठक... ठक... असा आवाज येतो. एक पाय ही मोठी कल्पनाशक्ती समजू नका. ओहळातून आणलेल्या दगडावर चित्र काढताना खाली जागाच उरली नाही!

हो, दगड. मित्रांसमोर मांडायला मूर्ती हव्या होत्या ना! डोळे, मिशा, दागिने वॉटरकलरने काढले. लाल रंग संपला म्हणून माळ्यावरचा बाबांचा शेंदराचा डबा घेतला. पेरणीच्या आधी रानाच्या कडेच्या वाघदेवाला बाबा दरवर्षी शेंदूर लावतात, त्यातला उरलेला. तेलात कालवला, सातही दगडांना फासला आणि सुकायला गोठ्यामागे ऐनाच्या झाडाखाली, पावसाचं वर प्लास्टिक ताणून, ओळीने मांडून ठेवले.

सकाळी शेण काढायला गेलेल्या आईची किंकाळी अख्ख्या पाड्याने ऐकली.

"अवो, उठा! कोनी तरी करणी केली! सात दगड मांडलेत आपल्या गोठ्यामागं!"

मी चड्डीवरच धावलो. "अगं आये, मीच केलेत ते!"

"तू?" आईने मला आपादमस्तक पाहिलं. "तुला साधी भाकर थापता येत नाय. देव घडवतोय!"

एरवी हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण त्याच वेळी घरात एक गोष्ट चालू होती आणि तिने माझी झोप उडवली होती. भाताच्या आवणीच्या वेळी बाबांच्या पायात काटा मोडला होता. बाबांना साखरेचा आजार. अंगठा सुजला, निळा पडला, वास मारू लागला. बाबा त्यावर हळदीचा लेप लावून वर प्लास्टिकची पिशवी बांधायचे आणि म्हणायचे, "बरा होतोय." मी रोज म्हणायचो, शहापूरला चला, डॉक्टरला दाखवू. ते रोज म्हणायचे, "मी नाय यायचा. माझा बाप चालत गेला हॉस्पिटलात, आन् चादरीत आला."

आता बाबा लंगडत गोठ्यामागे आले आणि निमूटपुढे थांबले. बराच वेळ त्याच्या एका पायाकडे बघत राहिले. मग स्वतःच्या पायावरच्या पिशवीकडे पाहिलं आणि मला म्हणाले, "गोमा भगताला बोलव."

गोमा भगत म्हणजे आमच्या पाड्याचा देवांशी बोलणारा माणूस. तो आला, उकिडवा बसला, विडी पेटवली. मी त्याला सगळं खरं खरं सांगितलं. खेळ सांगितला, गणपतची परी सांगितली. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "शेंदूर लावलास ना?"

"लावला. पण..."

"मग झाला देव. आता पण नाय न् बिन नाय. वाघदेव काय आभाळातून पडला? त्याला बी कोनीतरी पयला शेंदूर लावलाच असंल. तू बसवलास, आता वर्साच्या वर्साला मान तू द्यायचा."

"मान म्हणजे?"

"नारळ. ह्या एकपायाला कोंबडा."

एवढ्यात बाबा म्हणाले, "गोमा, ह्या एकपायाला विचार. मी हॉस्पिटलात जाऊ का नको?"

आईने पदर तोंडाला लावला. मला तर आनंदाने ओरडावंसं वाटलं. माझा बाप पहिल्यांदाच कोणाला तरी विचारत होता!

गोमा म्हणाला, "मी नाय विचारायचा. ज्यानं देव बसवला त्यानंच कौल घ्यायचा. दिन्या, तू ह्याच्याशी बोलतोस कसा?"

"मी? मी... फासा टाकून."

"मग टाक."

मी आतून फासा आणला. तो वीस बाजूंचा हिरवा फासा बघून गोमाची विडी विझली. त्याने तो हातात घेतला, फिरवला, कपाळाला लावला आणि परत दिला. "किती पडले की 'हो' समजायचा?"

"अकरा, नाय तर त्याच्या वर."

मी फासा टाकला. उघड्यावर! पुठ्ठा नाही, काही नाही. फासा जमिनीवर गडगडत गेला आणि निमूटच्या पुढ्यात थांबला.

"किती?" बाबांनी विचारलं.

आणि मी, दर रविवारी परीचा जीव वाचवायला बेधडक थापा मारणारा मी, त्या सकाळी हरिश्चंद्राचा अवतार झालो. "चार," म्हणालो.

"नको बोलला," गोमाने उसासा टाकला.

"थांबा, थांबा! पुन्हा टाकतो! खेळात तसा नियम आहे!"

"एकदा विचारलं की विचारलं," बाबा म्हणाले. "देवाला फिरून फिरून विचारत नाय." आणि पिशवी बांधलेला पाय ओढत ते घरात गेले. कोंबडा मात्र त्याच दुपारी कापला. रस्सा मलाच दोन वाट्या वाढला, देव माझा म्हणून.

त्यानंतर मी काय काय केलं ते विचारू नका. रडलो, भांडलो, जीप दारात आणून उभी केली. बाबा खांबाला मिठी मारून बसले. आई मध्ये पडली, "देव नको बोलला ना? मग कशाला माणसाला खेचतोस?" मी म्हणालो, "आये, तो देव नाय, ओहळातला दगड आहे!" तिने माझ्या तोंडावर हात ठेवला आणि निमूटकडे बघून स्वतःच्या गालावर दोन चापट्या मारून घेतल्या.

शेवटी एका सकाळी बाबा उठलेच नाहीत. अंग तापलेलं, डोळे अर्धे उघडे, काहीबाही बडबडत होते. आता खांबाला मिठी मारायची ताकद नव्हती. आम्ही त्यांना जीपमध्ये घातलं. शहापूरच्या डॉक्टरांनी पिशवी सोडली, नाकाला रुमाल लावला आणि तडक ठाण्याला पाठवलं. तिथले डॉक्टर माझ्याच वयाचे होते. म्हणाले, "थोडं आधी आणायला हवं होतं. अंगठ्यावर भागलं असतं. आता गुडघ्याखाली कापावा लागेल."

ऑपरेशन चालू असताना आई बाकावर बसून होती. घरून निघताना तिने देव पाण्यात ठेवले होते. देव्हाऱ्यातलेही आणि माझे सातही, एकाच घमेल्यात! मला वाटलं ती माझ्यावर ओरडेल. ओरडली असती तर फार बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, "दिन्या, त्याला एकच पाय का रे दिलास?"

दगडावर जागा उरली नाही हे मला तिला सांगवेना. मी जिन्यात जाऊन ढसाढसा रडलो.

बाबा वाचले. शुद्धीवर आले, चादरीखाली हात घालून चाचपलं. मी जवळ गेलो. "बाबा, चुकलं माझं. त्या दिवशी मी खोटं बोलायला पायजे होतं."

बाबांनी मान वळवली. आवाज खोल गेलेला, पण खवचटपणा जागच्या जागी. "मग बोलायचं होतंस की, गाढवा! मला तो बारीक आकडा दिसतोय का? सोळा बोलला असतास तर सोळा! मी तर निघायलाच बसलेलो. नुसतं कोनीतरी ढकलायला पायजे होतं."

एवढं बोलून ते झोपले. मी मात्र अजून कधीकधी दचकून उठतो.

घरी आलो तर घमेल्यातल्या पाण्यात वॉटरकलर विरघळून गेलेला. शेंदूर तेवढा शाबूत. निमूटचे डोळे पार गेले होते. मी ब्रश शोधू लागलो तर आईने हातातून हिसकावून घेतला. "राहू दे आंधळा. आपलं घर नाय सापडायचं त्याला पुन्हा."

आता सातही देव ऐनाखाली कायमचे बसलेत. मी नारळ देतो, कोंबडा देतो. रविवारचा खेळही चालू आहे, पण गणपतची तक्रार असते की मृत्यूचा देव हल्ली येतच नाही. कसा येणार? मला तो ठक ठक आवाज काढवत नाही. आमच्या घरात तो दिवसभर चालू असतो. ओटीवरून चुलीपाशी, चुलीपासून ओटीवर, कुबडीचा.

आणि बाबांनी नवीनच खूळ काढलंय. प्रत्येक गोष्टीला देवाचा कौल! सकाळी ठक ठक करत माझ्यापुढे येऊन बसतात. "विचार तुझ्या देवाला, आज चहात साखर चालंल का?"

मी आता शहाणा झालोय. आईचं सूप घेतो, पुढ्यात उभं करतो आणि फासा त्याच्यामागे टाकतो. परवा टाकला तर चांगले एकोणीस पडले.

"किती?"

"तीन," मी लांब चेहरा करून म्हणालो. "नको बोलतो."

बाबांनी निमूटपणे बिनसाखरेचा चहा ओढला आणि खाली ठेवला. मग खिशातून काहीतरी काढून नाकावर चढवलं. नवा चष्मा.

"दिन्या, सूप जरा उभं धर. आडवं झालं की ह्यातनं मला फासा दिसतो."

सात देव घडवले मी! पण सूप काही अजून धरता येत नाही.