मागची सीट

जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात दोन अमेरिकन कूपे शेजारी शेजारी उभ्या होत्या. दोघींना दोनदोनच दारं. पहिली माझ्या जन्माच्या बऱ्याच आधीची, फुगऱ्या गालांची. आत एकच लांब सीट आणि तिच्यामागे फक्त सामानाचा कप्पा. दुसरी साधारण माझ्या वयाची, लांबलचक नाकाची, आणि तिला मागे सीटही होती. दोन दारांच्या गाड्यांवर माझा पहिल्यापासून संशय. घरचे सोबत येऊ नयेत म्हणूनच माणूस त्या घेत असावा.

बाबांनी दुसरीत डोकावून मालकाला विचारलं, "मागे बसतं कोण?"

"कोणी नाही, काका. पाय मावत नाहीत," तो हसला. "पण सीट दिलीय."

"मग पहिली बरी," बाबा म्हणाले. "जागा नाही, असं सांगते तरी."

हे गाडीबद्दल होतं की माझ्याबद्दल? त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना. गावचं घर बंद करून कायमचे आमच्याकडे या, हा आग्रह माझाच. खोलीही दिलीय. तिच्यात माझी व्यायामाची सायकल आहे, इस्त्रीचं टेबल आहे आणि उरलेल्या जागेत बाबा. सायकलवर मी फक्त टॉवेल वाळवतो.

घरी आल्या आल्या मी ती सायकल ओढत हॉलमध्ये आणली.

"राहू दे रे, मला पुरते जागा," बाबा म्हणाले, आणि त्यांनी इस्त्रीच्या टेबलाचं एक टोक उचललं.