गाईंनी खाल्लेला रस्ता

मी इंजिनिअर झालो तो शेंडेबाईंमुळे. चिमूरच्या शाळेत त्यांनी मला गणित शिकवलं. कॉलेजच्या प्रवेशाला स्वतः सोबत आल्या, कारण आमच्या घरात तोवर कोणी कॉलेज पाहिलं नव्हतं.

त्यानंतर काही वर्षांनी, मे महिन्यात, मी हेमलकशाच्या पुढे एका नदीकाठी ट्रान्सफॉर्मर घेऊन अडकलो होतो. पलीकडे खांब उभे होते, घरोघरी मीटर लागले होते. फक्त करंट नव्हता. पूलही नव्हता, आणि आभाळ भरून येत होतं.

अशा ठिकाणी वाळूवरच रस्ता करतात. कोरडी वाळू चाक गिळते, म्हणून भाताचं तणस, म्हणजे पेंढा, जाड अंथरायचं आणि पाणी मारायचं. ट्रान्सफॉर्मरचा ट्रेलर मधेच थांबवायचा नाही. थांबला की रुतला. आम्ही संध्याकाळी तणस अंथरून झोपलो.

सकाळी ड्रायव्हर देवाजीभाऊंनी हाक मारली. "साहेब, रस्ता कुठी गेला?"

वाळूत गाई रवंथ करत बसल्या होत्या. उन्हाळ्यात तिकडे गुरं मोकळी असतात. आम्ही सगळे धानाच्या गावांतले, पण हे एकालाही सुचलं नव्हतं.

रेंजसाठी टेकडीवर चढून माझ्या साहेबांना फोन लावला.

"सर, रस्ता गाईंनी खाल्ला."

"काय खाल्ला?"

"रस्ता."

"हे मी वर सांगू? आज ओलांडा, नाहीतर मशीन परत आणा. मग पावसाळा झाल्यावर पाहू."

खाली आलो तर पलीकडच्या गावातल्या चैतीबाई गाई हाकलत होत्या. आणखी तणस मिळेल का, विचारलं.

"सरलं. आमच्या बैलायले पुरत नाई." मग त्या म्हणाल्या, "गाई आमच्या, तं रस्ता आमीच देतो."

घरी जाऊन त्या परसातल्या वाडीच्या कुंपणाच्या बांबूच्या तट्ट्या सोडू लागल्या.

देवाजीभाऊ म्हणाले, "बाई, वाडी उघडी पडन ना."

"पडू दे. मीटर लावून गेले तवापासून त्याच्याकडं पाहूनच राह्यलो आमी."

दुपारपर्यंत अख्ख्या गावाची कुंपणं नदीत होती. देवाजीभाऊंनी केबिनचे दोन्ही दरवाजे उघडे बांधले, म्हणजे वेळ आली तर उडी मारता येते. मदतनिसाला खाली उतरवलं आणि एकटे निघाले. तट्ट्या कडकड वाजत होत्या. मध्यावर मागचं चाक खचलं, ट्रान्सफॉर्मर एका अंगाला कलला. तिथे ब्रेक दाबला असता तर सगळं वाळूत गेलं असतं. त्यांनी दाबला नाही. पलीकडच्या काठावर चढून उतरले आणि मला बिडी मागितली. ते बिडी पीत नसत.

आता तिथे पूल आहे. गाडी क्षणात पार होते. मी मात्र दर वेळी काच खाली करून वाळूकडे पाहतो. ती माणसं, तो तट्ट्यांचा आवाज आठवतो. धडा म्हणाल तर एवढाच, की रस्ता करण्याआधी तिथे कोण उपाशी आहे ते पाहावं.

तेव्हा शेंडेबाईंना पत्र लिहिलं होतं:

"आदरणीय बाई, सविनय जयभीम. काल पलीकडे करंट सुरू झाला. चैतीबाईंच्या अंगणात बल्ब लागला, तेव्हा मी तिथेच होतो. त्या उजेडात आधी दिसल्या त्या वाडीत शिरून चवळी खाणाऱ्या गाई. रविवारी भद्रावतीला तुमच्याकडे यायचं ठरलं होतं, ते जमणार नाही. कुंपणं बांधायला जातो आहे. आपला विद्यार्थी."