डॅरेलच्या साक्षीचं पत्र

लग्नासाठी मुलाचा फोटो एकच पाठवावा की सगळ्या बाजूंनी दाखवावा, याबद्दल कॉस्मासअंकलचं मत मोठं उदार होतं. म्हणून डॅरेलने अर्धवट झोपेत "घ्या हो कुठलाही" म्हणत पुढे केलेल्या मोबाइलमधले समुद्रावरचे अकराच्या अकरा फोटो त्यांनी निवडले आणि मुलीच्या मावशीला पाठवायचे ते वसईच्या वाडीच्या ग्रुपवर सोडून दिले. चष्मा कपाळावर होता. ग्रुपात दोनशे सहा माणसं. आणि नवव्या फोटोत डॅरेल साकिब नावाच्या मित्राचा मुका घेत होता.

डॅरेल हा त्यांच्या आखातातल्या, अल् घुब्राच्या फ्लॅटमधला भाडेकरू. वय चौतीस, एका हॉटेलात केक करायचा. साखरेचा गुलाब असा वळायचा की अंकलच्या बायको मॅग्डलिनआंटी एकदा त्याला पाणी घालायला निघाल्या होत्या. अंकलच्या मते पोरात उणीव एकच, बायकोची. ती भरून काढायला गेले आणि हे झालं.

शुक्रवारी चर्चच्या मिस्साहून आल्यावर जेवायला बसणार, तोच बेल वाजली. दारात ऑस्टिन, डॅरेलचा थोरला भाऊ, जवळच अल् हैलला राहणारा फिटर. दार अंकलनीच उघडलं, वर "ये ये, वेळेवर आलास" असंही म्हणाले.

ऑस्टिनने चपला काढल्या नाहीत. सरळ आत गेला, डॅरेलला केसांना धरून खुर्चीवरून ओढलं आणि त्याचं तोंड टेबलाच्या कडेवर आपटलं. एकदा, दोनदा. वरणाचं भांडं लवंडलं. दात तुटल्याचा आवाज सुपारी फुटल्यासारखा येतो, हे अंकलना त्या दिवशी कळलं.

"आईने दोन दिवस अन्न घेतलं नाही तुझ्यापायी!" ऑस्टिन ओरडत होता आणि बरगड्यांत लाथा घालत होता. "भावोजी फोन करून हसतात मला!"

"अरे ऑस्टिन, चहा टाकू का?" अंकल म्हणाले. खरंच म्हणाले. माणूस घाबरला की तोंडात जे रोजचं असतं तेच बाहेर पडतं.

मग ऑस्टिनच्या हाती डॅरेलचंच संगमरवरी लाटणं लागलं. त्याने भावाचा उजवा हात फरशीवर गुडघ्याखाली दाबला. "याच हाताने ना फुलं करतोस?" म्हणाला आणि हाणलं. तिसऱ्या घावाला डॅरेलचं ओरडणंही बंद झालं. "वसईला पाय ठेव, तुला विहिरीत टाकतो. आईनेच सांगितलंय."

थांबवलं ते मॅग्डलिनआंटींनी. वर्षभराच्या बाटलीमसाल्याची सबंध बाटली त्यांनी ऑस्टिनच्या डोळ्यांत रिकामी केली आणि आंधळा होऊन भिंतींवर आदळणाऱ्या त्या धटिंगणाला तव्याने बडवत जिन्यापर्यंत नेलं. अंकल तोवर फ्रिजचं दार उघडून त्याच्या आड उभे होते.

दवाखान्यात डॅरेलने जिन्यावरून पडलो असं सांगितलं. मारहाण म्हटलं की पोलीस, पोलीस म्हटलं की कारण, आणि कारण सांगितलं तर इथे मार खाणाराच आत जायचा. साकिबने दुसऱ्याच दिवशी नंबर बंद केला.

हॉटेलने आयर्लंडच्या बेकरी प्रशिक्षणाचा व्हिसा डॅरेलला आधीच काढून दिला होता. प्लास्टरमधल्या हाताने तो तिथे काय शिकणार? पण उतरल्या उतरल्या आसरा मागणार होता. तिथल्या वकीलबाईंनी फोनवर बजावलं होतं, की डॉक्टरांच्या कागदावर जिना आहे, तेव्हा मारहाण डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाचं सहीचं पत्र हवं. ते नसेल तर परत पाठवतील, आणि परत म्हणजे वसईला.

अंकल रुवीच्या एका ऑफिसात कारकून. साहेबाने कुणाच्या थोबाडीत मारली तरी त्यांच्या अर्जात तो 'किरकोळ गैरसमज' व्हायचा. सवयीने त्यांनी लिहिलं, 'दोन बंधूंमध्ये कौटुंबिक मतभेद होऊन श्री. डॅरेल यांच्या हातास इजा पोहोचली.'

डॅरेलने वाचलं. "अंकल, हे वाचून मलाच वाटतंय, ऑस्टिनला सॉरी म्हणावं."

"मग काय लिहू?"

"दिसलं ते."

अंकलनी पुन्हा लिहायला घेतलं. टेबल, केस, लाथा, लाटणं. आंटी मागून "दोन दात लिहा, एक नाही" म्हणत होत्या. विहीर लिहिली. विहिरीपुढे आईचं नाव घालताना अंकलचा हात थांबला. त्या बाईशेजारी ते तीस वर्षं, दर सुट्टीत, वाडीच्या चर्चच्या कॉयरमध्ये गायले होते. तरी घातलं. शेवटी 'तो फोटो मी पाठवला' हेही लिहिलं आणि खाली आपल्या वाडीतल्या घराचा पत्ता.

विमान दुपारचं होतं. बॅग दाराशी. पेन हातात धरून अंकल कागदाकडे बघत बसले. सही केली की वाडीत त्यांना कुणी पाणी विचारणार नव्हतं, आणि ऑस्टिनला त्यांचं दार माहीत होतं.

"डॅरेल, बाळा," ते म्हणाले, "तू मला माफ केलंस ना रे?"

"आधी सही करा, अंकल."