कंपाउंडरांचं पेन्शन

ती घटना मनातून जात नाही. आठवली, की आधी पवनेकाठचं पांढरं धुकं दिसतं आणि त्यातून हळूहळू त्या बाईंचा चेहरा उमटतो.

एकोणीसशे पन्नासचं दशक नुकतंच लागलं होतं. चिंचवडच्या बाजूला मी नवा फौजदार. कारखाने अजून यायचे होते. निगडीपर्यंत नुसती शेतं. एकदा हजेरीला आलेले रहाटणीचे पोलीस पाटील उठता उठता म्हणाले, "साहेब, गोष्ट लहान हाय. कंपाउंडरांची बायको औंदा वटपुनवेला वडाला गेली न्हाई."

"मग?"

"नवरा कोकणात बहिणीकडं हवापालटाला गेलाय म्हणती. आन् पेन्शन तर पुण्याच्या सरकारी तिजोरीतनं उचललं जातंय. माणूस हाय तरी कुठं?"

हे कंपाउंडर सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेले. साऱ्या पंचक्रोशीला त्यांनी औषध पाजलेलं.

सकाळी पाटलांना आणि त्यांच्या पत्नीला घेऊन मी बाईंच्या घरी गेलो. अंगण सारवलेलं, कपाळावर ठसठशीत कुंकू. ओट्यावर नवऱ्याचे जोडे पुसून ठेवलेले. बाई मंद आवाजात बोलत होत्या, जणू आतल्या खोलीत कुणी झोपलंय. "त्यांना चहात गूळ कमी लागतो. सकाळी नदीवर जाऊन येतात." ऐकता ऐकता क्षणभर मलाही वाटलं, धुक्यातून ते आता येतीलच.

त्या खोटं बोलत नव्हत्या, पण खरंही सांगत नव्हत्या. नोकरीत असं बोलणं मी पुन्हा फारसं ऐकलं नाही.

पेन्शनच्या दिवशी साध्या वेशात मी तिजोरीच्या कचेरीपाशी थांबलो. कंपाउंडरांचं नाव पुकारलं तसा एक म्हातारा पुढे झाला. सोबत आणलेले पाटील कुजबुजले, "ह्यो त्यांचा धाकला भाऊ. माण गावाला शेती करतो. चेहरा डिट्टो थोरल्याचा."

त्याला ठाण्यावर आणलं. दटावून पाहिलं, तोतयेगिरीची शिक्षा सांगितली. "म्याच कंपाउंडर," यापलीकडे तो गेला नाही. शेवटी त्याच्यापुढे चहा ठेवला आणि विचारलं, "थोरल्याची आठवण येते का हो?"

कप तसाच राहिला. म्हातारा धाय मोकलून रडू लागला.

थोरला कोकणातच वारला होता. धाकट्यानंच तिथं अग्नी दिला. "सांगायला रहाटणीला आलो तर वहिनी दारात. म्हणाल्या, भावजी, पेन्शन त्यांच्यासंगं गेलं. आता मी खाऊ काय? माझं शेत माझ्याच पोराबाळांना पुरंना, साहेब. म्हणून मीच दादा झालो."

खरंच, कंपाउंडरांच्या पेन्शनमध्ये मागे राहणाऱ्या बायकोची काहीच सोय नव्हती. एकरकमी मिळालेलं मुलीच्या लग्नात गेलं. "मी शंभर वर्षं जगणार," असं ते हसून म्हणत. बायकोनं कधी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

जबाब घेताना मी बाईंना विचारलं, "वडाला का नाही गेलात?"

"कुंकू लोकांसाठी लावत होते, साहेब. देवापुढं कसं खोटं बोलू?"

गुन्हा नोंदवला, तो माझा धर्म होता. कोर्टानं दोघांचं वय आणि परिस्थिती पाहून थोडक्या शिक्षेवर सोडलं. खटल्यानंतर बाईंनी कुंकू पुसलं. मग रहाटणीच्या बायका एकेक करून त्यांच्या ओट्यावर येऊन बसल्या, आणि वर्षभर अडवून धरलेलं रडणं त्या दुपारी वाहून गेलं. गावाच्या लेखी कंपाउंडर त्या दिवशी वारले. पुढे मुलगी आईला आपल्या घरी घेऊन गेली.

या प्रकरणानं मला एक शिकवलं. निवृत्तीचा विचार करताना सरकारी माणूस आपल्याच आयुष्याचा अंदाज बांधतो. त्याच्यानंतरची वर्षं कुणाच्या ध्यानात नसतात. पुढे माझ्या हाताखालचा शिपाई निवृत्तीला आला, की मी त्याला बायकोसकट बोलावत असे आणि तिलाच विचारत असे, "हे नसतील तेव्हा तुम्ही कशावर राहणार?"

"असं अभद्र बोलू नये, साहेब," असं म्हणून ती दचकायची. मग पदर सावरून खुर्ची जवळ ओढायची आणि नवऱ्याकडे वळून म्हणायची, "सांगा की."